लाकडी चौकट

विमानतळ कुणाचा, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठला भाग? जमीन सरकारची. इमारत कंपनीची, तीही ठरावीक वर्षांपुरती, म्हणजे भाडेकरूच म्हणा ना, फक्त जरा ऐटबाज. विमानं उतरवणारे लोक वेगळ्या खात्याचे. ते उंच मनोऱ्यात बसतात आणि आमच्याकडेही तसंच वरून बघतात. बॅगा तपासणारे तिसऱ्याच कुणाचे. दुकानं दुकानदारांची, विमानं विमान कंपन्यांची. आणि नळ गळायला लागला की तो कुणाचाच नसतो. तेव्हा मला फोन येतो.

मी कंपनीची संचालन प्रमुख. आधी सरकारी खात्यात होते. विमानतळ कंपनीच्या ताब्यात गेला तेव्हा खुर्च्या-टेबलांबरोबर मीही गेले. माझा आवाज आधी येतो आणि मी मागून येते, असं लोक माझ्यामागे म्हणतात. म्हणू देत. इतके मालक असलेल्या घरात कुणाला तरी ओरडावंच लागतं.

या सगळ्या मालकांमध्ये एक हद्द मात्र अशी आहे, की तिच्यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. विमानाचं दार. प्रवासी आत आल्यापासून त्या दारापर्यंत आमचा. त्याला चक्कर आली, त्याचं पोर हरवलं, तो जिन्यावरून घसरला, सगळं आमच्या गळ्यात. दाराच्या आत पाऊल टाकलं की तो विमान कंपनीचा. शेवटचा प्रवासी आत गेला की आमचा गेटवरचा माणूस वॉकीटॉकीवर म्हणतो, "सोडले." दारातून विमान कंपनीचा माणूस म्हणतो, "घेतले." कुठल्या नियमात नाही हे, पण आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं. ‘घेतले’ ऐकू येईपर्यंत गेटवरचा माणूस खुर्चीला टेकत नाही. मग अंगात ताप असो नाहीतर घरी पाहुणे खोळंबलेले असोत.

कंपनीनं नवं टर्मिनल बांधलं. नवं टर्मिनल असं एकदम उघडत नाहीत. आधी रंगीत तालीम करतात. खोटे प्रवासी, खोट्या बॅगा, खोटं तिकीट. बाकी पट्टे, यंत्रं, दारं, माणसं खरी. कुठे काय अडतंय ते कळतं. एवढे प्रवासी आणायचे कुठून? प्रत्येकानं घरून आणायचे. कुणी सासूबाई आणल्या, कुणी थोरला भाऊ. मी माझ्या वडिलांना आणलं.

अप्पांनी जन्मभर बस चालवली. हजारो लोकांना कुठे कुठे पोचवलं आणि स्वतः विमानात कधी बसले नाहीत. मुलगी विमानतळावर, आणि बाप कधी उडाला नाही! मी दर वर्षी म्हणायचे, अप्पा, पुढच्या वर्षी नक्की. तेही म्हणायचे, "हो हो, विमान काय पळून जातंय?" आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी भांडायचं, संध्याकाळी चहाबरोबर भांडण मिटवायचं, असा आमचा संसार. गाडीत ते माझ्या शेजारी बसतात आणि मी गाडी चालवत असले तरी ब्रेक तेच मारतात. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, नुसता सपाट पत्रा आहे. पण समोर सिग्नल दिसला की उजवा पाय दाबलाच. तिथला गालिचा घासून पार पातळ झालाय. "अप्पा, मला येते गाडी चालवता," मी ओरडायची. "दिसतंय ना," ते म्हणायचे, आणि पुन्हा पाय दाबायचे.

तालमीच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. म्हटलं, अप्पा, खोटं विमान आहे. म्हणाले, "शर्ट तर खरा आहे ना?" काउंटरवरच्या मुलीकडे त्यांनी खिडकीची जागा मागितली. तिनं हसून दिली. तपासणीत त्यांचं नखं कापायचं यंत्र काढून घेतलं, तेव्हा त्यांनी असा काही वाद घातला, की मागची सगळी रांग करमणूक म्हणून थांबली.

घोळ एकच झाला. ज्या विमान कंपनीनं रिकामं विमान उभं करायचं कबूल केलं होतं, तिनं सकाळी हात झटकले. आता गेट सातवरून प्रवासी सोडायचे कुठे? विमानापर्यंत जो झाकलेला पूल जातो, त्याच्या टोकाशी मी सुताराकडून एक लाकडी चौकट उभी करून घेतली. दाराच्या मापाची. पांढरा रंगही मारला. चौकटीतून पलीकडे जायचं, लोखंडी जिन्यानं खाली उतरायचं, बसमधून परत यायचं. फलकावर विमानाचा क्रमांक होता, गावाचं नाव नव्हतं. कुठलं गाव घालायचं यावर बैठकीत एकमत झालं नाही, म्हणून मी ती जागा मोकळी ठेवली होती.

गेटवर आमचा भोंगा होता. हे त्याचं टोपणनाव. तो कुजबुजला तरी पलीकडच्या गेटवर ऐकू येतं. त्यानं एकेकाचा पास फाडून अर्धा परत दिला. लोक हसत, एकमेकांचे फोटो काढत पुलातून गेले. चौकटीपाशी अप्पा क्षणभर थांबले, शर्टाची कॉलर नीट केली आणि मान वाकवून आत गेले. चौकट काही बुटकी नव्हती. सगळ्यांच्या मागून, जिना मोकळा आहे का बघायला, मी गेले. मला पास नव्हता. मला कशाला हवा?

मी चौकटीत होते तेव्हा मागून भोंगा सवयीनं बोलला, "सोडले."

माझ्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"घेतले."

शांत आवाज होता. बाईचा की पुरुषाचा तेही मला सांगता आलं नसतं. मी जिन्यावरून खाली बघितलं. बसचा चालक, अग्निशमनचे दोघं. मी विचारलं, "हा चावटपणा कुणाचा?" कुणाच्याच हातात वॉकीटॉकी नव्हता. एरवी मी तो माणूस शोधून काढून त्याचं जिणं हराम केलं असतं. त्या दिवशी वाटलं, जाऊ दे.

परत आल्यावर माणसं मोजली, बरोबर भरली. चहा-बिस्किटं झाली. संगणक सांभाळणारा पोरगेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ते विमान अजून गेटवर दिसतंय. गेट मोकळं करायचं तर विमान कंपनीनं ‘रवाना’ करायला हवं." म्हटलं, कंपनीच नाही तर कोण करणार, मीच करते. आणि बटण दाबलं. मोकळ्या गावासमोर ‘रवाना’ असा हिरवा शब्द आला.

घरी जाताना सिग्नल लागले. लागोपाठ लागले. अप्पांचा पाय हलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते खिडकीतून बाहेर बघत होते. आमचीच वाण्याची गल्ली, आमचंच औषधांचं दुकान, आणि ते मान वळवून वळवून बघत होते.

"दमलात का?" मी विचारलं.

"नाही. छान झाला प्रवास," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत.

दुसऱ्या दिवशी उठले तर अप्पांचं पांघरूण घडी घालून उशाशी ठेवलेलं. आई असल्यापासून त्या घडीवरून घरात रणकंदन व्हायचं. चहा दिला तर म्हणाले, "आभारी आहे." साखर कमी होती, मुद्दाम कमी घातली होती मी. काही बोलले नाहीत. बूट पलंगापाशी जोडून ठेवलेले आणि तालमीला दिलेली बॅग, जिच्यात जुने कागद भरले होते, ती दाराजवळ. मी ती उचलून माळ्यावर टाकली. संध्याकाळी ती पुन्हा दाराजवळ.

"अप्पा, हे काय?"

"असू दे. ऐनवेळी धावपळ नको." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "अजून किती वेळ आहे?"

या वयात माणसं विसरायला लागतात, ते मला माहीत होतं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, माझं नाव विचारलं, आईचं विचारलं, बसचे नंबर विचारले. सगळं बिनचूक. डॉक्टर म्हणाले, "असे पेशंट मला रोज मिळू देत." अप्पांनी त्यांचेही आभार मानले. विसरले काहीच नव्हते. पण ते सगळं, एखादा चांगला पाहुणा यजमानाच्या घरची माणसं लक्षात ठेवतो तसं लक्षात ठेवल्यासारखं वाटायचं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

मग भोंगा आला. दार लोटून घेतलं आणि चक्क हळू आवाजात बोलला. "मॅडम, आमच्या सासूबाई भांडत नाहीत हो."

"मग पेढे वाट की."

"तसं नव्हे. पहिले दोन दिवस मीही खूश होतो. पण त्या चपला घालूनच बसतात. बॅग मांडीवर. बायकोला विचारतात, अजून किती वेळ." त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "आणि मॅडम, तुमचीही तब्येत बरी आहे ना? त्या दिवसापासून तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. लोक घाबरलेत."

मी हसले. काम संपत आलं की माणूस निवळतं, म्हटलं. माझी जीभ अजून तशीच आहे, हे तुम्हीही बघताच आहात. राग तेवढा येत नाही. त्या दिवसांत झोपही फार छान लागायची. सकाळी आवरून मी वेळेआधीच तयार असायची, पर्स हातात घेऊन.

चौकशी केली तर घरोघरी तेच. कुठे थोरला भाऊ, कुठे आत्या. सगळे गुणी झालेले, सगळ्यांच्या बॅगा दाराशी. कुणी तक्रार कशी करणार? माझा माणूस फार चांगला वागतो, असा अर्ज कुठल्या खात्याकडे करायचा? आणि केला तरी माझं त्यावरचं उत्तर तयारच होतं. दारापर्यंत आमची जबाबदारी. दारापलीकडे विमान कंपनीची. आणि विमान कंपनी तर नव्हतीच. मग आम्ही त्यांना कुणाच्या स्वाधीन केलं होतं?

हा प्रश्न पडला, आणि मी इंजिनिअरला बोलावून ते विमान पुसून टाकायला सांगितलं.

"नाही पुसता येत," तो म्हणाला. "रवाना झालेलं विमान उतरल्याशिवाय पुसता येत नाही. यंत्र ऐकतच नाही. बरोबरच आहे ना, मॅडम. हवेत असलेलं विमान कसं पुसणार?"

मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांना वेगळीच चिंता. परवाना द्यायला तपासनीस येणार होते, त्यांच्यासमोर आगमनाची तालीम व्हायची होती, आणि फलकावर हे एक विमान लटकलेलं. "त्याच तालमीत ते उतरवून टाका," ते म्हणाले. "एका दगडात दोन पक्षी."

मला माझे अप्पा परत हवे होते. साखरेवरून भांडणारे, पांघरूण भिरकावणारे, फुकटचा ब्रेक मारणारे. हे जे कुणी घरात होते, त्यांचं मी काही वाईट म्हणत नाही. ते फार सभ्य होते. पण ते माझे नव्हते. म्हणून मी साहेबांना हो म्हटलं.

त्या दुपारी नव्या टर्मिनलमध्ये ऊन भरलं होतं. फरशी इतकी चकचकीत, की माणसं पायाशी पाय लावून उलटी उभी असल्यासारखी दिसत होती. तेच सगळे नातेवाईक पुन्हा आले होते. बोलवायला लागलं नाही, सगळे बूट घालून तयारच होते. ठरलं असं, की त्यांना बसनं मागून फिरवून पुलाखाली न्यायचं, जिना चढवून चौकटीतून आत आणायचं. तपासनीस खाली बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे होते. मी आणि भोंगा वर, गेट सातवर.

बस अजून निघायची होती. मी इंजिनिअरला फोन केला. "उतरव."

"मॅडम, बस तर अजून..."

"उतरव म्हटलं ना."

फलकावर शब्द बदलला. भोंग्यानं घसा खाकरला. "मॅडम, उतरलं म्हटलं की कुणीतरी ‘घेतले’ म्हणायला लागेल. या वेळी आपल्याला."

"ते सोडतील तेव्हा म्हणू," मी म्हटलं.

खाली खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. खालच्या दालनात बसवलेले सगळे वर आले होते. कुणी हाक मारली नव्हती. रांगेत उभे राहिले, बॅगा हातात. सासूबाई, थोरला भाऊ, आत्या. सर्वांत पुढे अप्पा, त्याच पांढऱ्या शर्टात.

"वेळ झाली वाटतं," ते म्हणाले.

वॉकीटॉकी खरखरला.

"सोडले."

तोच आवाज.

पुलात पावलं वाजायला लागली. पुलाला मध्ये एक वळण आहे, त्यापलीकडचं दिसत नाही. खूप माणसं होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी बॅग ओढत होतं, आणि बॅगेचं एक चाक कुरकुरत होतं.

भोंगा माझ्याकडे बघत होता. घामानं त्याचा चेहरा ओला झाला होता.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "घेतले."

रांग हलली. अप्पा माझ्यापाशी थांबले. "फार चांगली व्यवस्था होती," ते म्हणाले. "येतो हं."

ते पुलात शिरले. त्यांच्यामागे बाकीचे.

आणि वळणावरून दुसरी रांग आली. एक जाणारी, एक येणारी. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

सासूबाई बाहेर पडल्या त्याच तोंडाचा पट्टा सोडत. "जावईबापू, माणसानं न्यायला यायचं काही ठरवलेलं असतं की नाही?" भोंगा त्यांच्या पायाच पडला.

मग पांढरा शर्ट. चुरगळलेला. हातात अर्धा पास.

"किती वेळ!" अप्पा मला म्हणाले. "आणि माझं नखं कापायचं यंत्र कुठाय?"

माझा जीव भांड्यात पडला. पडायला हवा होता तसा पडला. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. पलीकडच्या टोकाला चौकट दिसत होती, आणि जाणाऱ्यांतला शेवटचा माणूस तिच्यातून वाकून जात होता.

मीही पुलात वळणापर्यंत गेले होते. का, ते मला सांगता येत नाही. पर्स माझ्या हातात होती.

"मॅडम!" भोंगा ओरडला. मी थांबले. पुन्हा बघितलं तेव्हा चौकटीत नुसतं ऊन होतं.

खाली तपासनिसांना फक्त येणारे प्रवासी दिसले. ते खूश झाले. परवाना मिळाला. इंजिनिअरनं विमान पुसून टाकलं, या वेळी यंत्रानं काही कुरकुर केली नाही.

घरी जाताना पहिल्याच सिग्नलला अप्पांचा पाय खाली दाबला गेला. पत्रा कुरकुरला. मला इतकं बरं वाटलं, की मी म्हटलं, "दाबा, अप्पा, हवा तेवढा दाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी ओरडते, त्याची वाट बघत असावेत. पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा पाय दाबला, मुद्दाम, जोरात. मी गाडी चालवत राहिले.

तिसऱ्या सिग्नलला त्यांनी पाय उचलून घेतला. मग म्हणाले, "ती तिथंच राहिली."

"कोण?"

"माझी मुलगी. सगळ्यांची नावं पुकारली, तिचं पुकारलं नाही. पास नव्हता म्हणे. दाराशी उभी राहून नुसती ओरडत होती त्यांच्यावर. मला म्हणाली, अप्पा, तुम्ही व्हा पुढे, मी बघते यांच्याकडे." त्यांचा आवाज फुटला. "मी यायला नको होतं."

मी सावकाश गाडी वळवली. वाण्याची गल्ली आली, औषधांचं दुकान आलं.

आता नवं टर्मिनल सुरू झालंय. ती चौकट सुतारानं केव्हाच मोडून नेली. गेट सातवरून रोज विमानं जातात, भोंगा ‘सोडले’ म्हणतो आणि समोरून विमान कंपनीची माणसं ‘घेतले’ म्हणतात. सगळं सुरळीत आहे.

अप्पा रोज जेवण झालं की इथे येतात. आगमनाच्या दारासमोर कठडा आहे, तिथे इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहतात. दार उघडलं की टाचा उंचावून बघतात. मी माझ्या कामातून वेळ काढून त्यांना चहा नेऊन देते. साखर कमी असली तरी ते काही बोलत नाहीत. "आभारी आहे," म्हणतात, कप घेतात, आणि एक पाऊल बाजूला होतात, माझ्यामुळे दार दिसत नाही म्हणून.